स्पॅनिश व्याकरणात बसतं, पण स्पॅनिश वाटत नाही: एम.ए.च्या पातळीवरचं लेखन कसं वाढवावं?

कातळफूल

नमस्कार मंडळी,

मी राजापूर तालुक्यातली. स्पॅनिश घेऊन एम.ए. करतेय. पहिलं वर्ष संपवून सुट्टीला घरी आलेय. डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची बी२, म्हणजे मधल्यापेक्षा वरची, पातळी झालेली आहे. बोलताना फारसं अडत नाही, कादंबऱ्या वाचून होतात, पण लिहायला बसलं की गाडी अडते. वहीवर शेरा येतो तो साधारण असा: व्याकरण बरोबर आहे, पण स्पॅनिश माणूस असं लिहिणार नाही. पुढे काय करायचं, ते त्या शेऱ्यातून कळत नाही.

पुढच्या सत्रात मोनोग्राफिया लिहायची आहे. म्हणजे स्वतः विषय निवडायचा, संदर्भ वाचायचे आणि वीसेक पानं सलग स्पॅनिशमधून मुद्दा मांडायचा. मी आपल्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या पठारांवरची, कातळशिल्पं हा विषय घेतलाय. कशेळी, बारसू, देवीहसोळ ही ठिकाणं माझ्याच तालुक्यातली. २०२२ साली कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तरी स्पॅनिश वाचणाऱ्या माणसाला त्यांच्याबद्दल वाचायला जवळजवळ काही मिळत नाही. ते मला लिहायचं आहे, आणि चांगलं लिहायचं आहे.

सुरुवात अशी केलीय (इथे देवनागरीतच लिहिते):

"लोस पेत्रोग्लीफोस देल कोंकान फुएरोन एचोस पोर हेन्ते आन्तीगुआ. एयोस सोन मुई ग्रान्देस. एल एलेफान्ते दे काशेली एस मुई फामोसो. एयोस तिएनेन मुचा इम्पोर्तान्सिया."

म्हणजे: कोकणातली शिल्पं प्राचीन लोकांनी केली, ती फार मोठी आहेत, कशेळीचा हत्ती फार प्रसिद्ध आहे, त्यांना फार महत्त्व आहे.

हे मलाच बालिश वाटतंय. मराठीत मी याच विषयावर बरं लिहू शकते. मग स्पॅनिशमध्ये इयत्ता चौथीचा निबंध का होतो? "स्पॅनिशमध्येच विचार कर, मराठी डोक्यातून काढ" असं वर्गात सांगतात. ते खरं आहे का? आणि इथे घरी, कोणी तपासणारं नसताना, सराव कसा करू?

---

वाशिष्ठीकाठ

चांगला विषय घेतलायस. मी चिपळूणला राहून स्पॅनिशची भाषांतरं करतो, जास्त करून यंत्रांची माहितीपत्रकं आणि करारनामे. तुझा परिच्छेद तीनदा वाचला. माझ्या मते अडचण मराठीची नाही, इंग्रजीची आहे.

"एयोस" बघ. "दे आर व्हेरी लार्ज" मधला "दे" तू उचलून ठेवलायस. स्पॅनिशमध्ये निर्जीव वस्तूंसाठी कर्त्याच्या जागी हे सर्वनाम सहसा येतच नाही, क्रियापदाच्या रूपावरून कर्ता कळतो. आता हेच मराठीत लिही: "ही शिल्पं सड्यावर आहेत. जांभ्यात कोरलेली आहेत." दुसऱ्या वाक्यात "ती" घालावंसं वाटलं का? नाही. म्हणजे मराठीवर विसंबली असतीस तर बरोबर आली असतीस.

"फुएरोन एचोस पोर" हेही तसंच. इंग्रजी शास्त्रीय लेखनातला कर्मणी प्रयोग जसाच्या तसा आलाय. तो स्पॅनिशमध्ये चुकीचा नाही, पण दर दुसऱ्या वाक्यात आला की लिखाण परकं वाटतं. तिथे "से" लावून होणारी रचना जास्त चालते: "से ग्राबारोन एन ला रोका". किंवा कर्म पुढे आणून "लास फिगुरास लास ताल्यारोन मानोस देस्कोनोसीदास". आपणही म्हणतोच की, "ही चित्रं कोणी खोदली कुणास ठाऊक". कर्म आधी, कर्ता नंतर. मराठी माणसाला ही उलटापालट अंगवळणी असते, पण इंग्रजी शाळेत ती सुटते.

तिसरी गोष्ट क्रियापदांची. चार वाक्यांत "आहे, आहे, आहे, असणे". सेर, एस्तार, तेनेर, आसेर, आबेर ही "असणे, करणे" छापाची पाच क्रियापदं आणि "कोसा" (गोष्ट) हा शब्द आपल्या मसुद्यात लाल पेनाने अधोरेखित कर. प्रत्येक ठिकाणी विचार, इथे नक्की काय घडतंय? हत्ती मोठा "आहे" की अमुक मीटर "भरतो" (मेदीर)? त्याच्या पोटात इतर प्राणी "आहेत" की तो त्यांना "सामावून घेतो" (एन्सेर्रार)? वाक्याची पातळी यातून चढते. अवघड शब्द शोधण्याची गरज पडत नाही.

इंग्रजीतून शिरणाऱ्या आणखी काही गोष्टी मला विद्यापीठातल्या मुलांच्या लेखनात सतत दिसतात. अर्ज करण्यासाठी "आप्लिकार पारा" लिहितात, तिथे "सोलिसितार" हवं. कार्यक्रम पार पडला याला "तोमार लुगार" लिहितात, तिथे "तेनेर लुगार". "आसेर सेन्तीदो" अमेरिका खंडात कानावर येतं, पण काळजीने लिहिणारा "तेनेर सेन्तीदो"च लिहितो. आणि गेरुंदिओ, म्हणजे आपल्या "करत, मोडत" सारखं रूप! "तो पडला, पाय मोडत" अशा अर्थाने नंतर घडलेली गोष्ट गेरुंदिओने जोडायची नाही. इंग्रजीतलं आय-एन-जी डोक्यात असलं की ही चूक होतेच होते.

"मराठी डोक्यातून काढ" हे मला अजिबात पटत नाही. उलट मराठी जवळ ठेव. "मी झाड पाहिलं" पण "मी रमेशला पाहिलं": सजीव, ठराविक माणूस कर्म असला की आपण "ला" लावतो. स्पॅनिशमध्येही "वी एल आर्बोल" पण "वी आ रमेश". इंग्रजीतून जाणारा हा "आ" कायम विसरतो. "मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात" ही आख्खी रचना स्पॅनिशमध्ये जशीच्या तशी आहे. "तो येत असे" आणि "तो आला" यांतला फरक ज्याला कळतो, त्याला इम्पेर्फेक्तो आणि इन्देफिनीदो या दोन भूतकाळांची दारं उघडी आहेत.

सुब्हुन्तीवोचं, म्हणजे इच्छा-शंका दाखवणाऱ्या क्रियापदरूपाचं, तर विचारूच नको. "त्याने यावं असं मला वाटतं" यातलं "यावं" म्हणजे "किएरो के वेंगा" मधलं "वेंगा". आणखी एक बघ. "मराठी येतं तो शिक्षक मी शोधतेय" म्हणजे तो शिक्षक तुला माहीत आहे. "मराठी येत असेल असा शिक्षक मी शोधतेय" म्हणजे असा कोणी आहे की नाही हेच ठाऊक नाही. पहिल्यात "साबे", दुसऱ्यात "सेपा". इतका बारीक भेद आपण रोज न अडखळता करतो. इंग्रजीत दोन्हीकडे "नोज" हे एकच रूप. मग इंग्रजीच्या वाटेने का जायचं?

---

देवगडकर_७

वाचनखूण म्हणून लिहितोय. मुलगी बारावीनंतर स्पॅनिश म्हणतेय, तिला हा प्रतिसाद वाचायला दिला.

---

तारकर्लीचो_तांडेल

बाय गो, वरच्यांनी आंब्याचा उदाहरण दिल्यानी ता माका एकदम पटला. आमच्या मालवणीत "माका आंबो आवडता". पुल्लिंगी नाम "ओ"त संपता, ता पण स्पॅनिशसारख्याच. तू घरात मालवणी ऐकत वाढलंस तर लिंगाचा भय धरू नको.

(पुढे साध्या मराठीत लिहितो.) मी बोटीवर होतो. व्हाल्पाराइसो, काय्याओ, ग्वायाकील या बंदरांत स्पॅनिश कानांनी शिकलो. बोलणं जमलं, पण बंदरातल्या एजंटला लेखी तक्रार द्यायची वेळ आली तेव्हा कळलं की कागदावरची स्पॅनिश वेगळीच असते. एक गोष्ट मात्र नक्की सांगतो. कुठल्या देशाची स्पॅनिश लिहायची ते आधी ठरव आणि मग बदलू नको. "तुम्ही" म्हणायला स्पेनची असेल तर "वोसोत्रोस" चालेल, अमेरिका खंडाची असेल तर "उस्तेदेस". आर्जेन्टिनात "तू" साठी "वोस" आहे. तीनही एकाच कागदात आली तर वाचणारा बिचकतो. आपला काजूच घे, स्पेनमध्ये "आनाकार्दो", मध्य अमेरिकेत "मारान्योन". कातळशिल्पांच्या लेखात काजू येणार नाही म्हणा, पण सड्यावरच्या बागांबद्दल लिहिलंस तर येईलही.

---

केळशीचा_किनारा

कातळफूल, मी बरीच वर्षं पुण्यात स्पॅनिश शिकवलं, आता केळशीला असते. वाशिष्ठीकाठ यांनी वाक्याबद्दल सांगितलं ते सगळं बरोबर आहे. पण वाक्यं दुरुस्त करून मोनोग्राफिया होत नाही. बी२ च्या पुढची चढण परिच्छेदाची आणि लेखनप्रकाराची आहे. तिथे मात्र मराठी मदतीला येणार नाही, तिथे वाचनच लागतं.

आधी लेखनप्रकार. रेसेन्या (परीक्षण), रेसूमेन (सारांश), एन्सायो (निबंध), इन्फोर्मे (अहवाल), कोमेन्तारिओ दे तेक्स्तो (उताऱ्याचं विवेचन) हे सगळे वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाकडून वाचकाची अपेक्षा वेगळी आहे. स्पेनमध्ये मुलं शाळेपासून कोमेन्तारिओ लिहितात: उतारा कुठला, विषय काय, रचना कशी, भाषा कशी आणि मग निष्कर्ष. आपल्याकडे हे कोणी बसवून घेत नाही, म्हणून आपली मुलं सगळंच "निबंध" या एका साच्यात लिहितात. तुझ्या चार वाक्यांचा सूर निबंधाचा आहे. "फार महत्त्व आहे" हे वाक्य मोनोग्राफियात बसत नाही. कुणाच्या दृष्टीने महत्त्व, कशावरून, हे लिहावं लागतं.

शास्त्रीय स्पॅनिशमध्ये "यो" जवळजवळ नसतो. "से" वापरतात किंवा नम्रतेचं अनेकवचन, "एन एस्ते त्राबाहो आनालिसामोस". दोन्हींपैकी एक धर. खात्री नसलेली गोष्ट खात्रीने लिहायची नसते, त्यासाठी भाषेत सोय आहे: "पोद्रीआ" (असू शकेल), "से क्रेए के" (असं मानतात की), आणि "एस पोसीब्ले के" (शक्य आहे की), ज्याच्या पुढे सुब्हुन्तीवो येतो. तुझा विषय यासाठी फार चांगला आहे, कारण शिल्पांच्या काळाबद्दल ठाम विधान करताच येत नाही. प्रत्येक पानावर तुला हे वापरावं लागेल आणि वापरून वापरून ते हातात बसेल. "आउन्के" (जरी) सुद्धा इथेच पक्कं होतं. "आउन्के युएवे" म्हणजे पाऊस पडतोय, तरीही. "आउन्के युएवा" म्हणजे पडला तरी.

आता परिच्छेद. बी२ ची मुलं जोडशब्दांची यादी पाठ करतात आणि प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी एक लावतात. सिन एम्बार्गो (तरीही), पोर लो तान्तो (म्हणून), आसिमिस्मो (तसंच), नो ओबस्तान्ते (असं असूनही). आमसुलं जास्त पडली की सार तोंडात धरवत नाही, तसं होतं. चांगल्या स्पॅनिश गद्यात वाक्यं नामांनी जोडलेली असतात. आधीच्या वाक्यात जे सांगितलं त्याला पुढच्या वाक्यात एक नाव दिलं जातं: "एस्ते आयास्गो" (हा शोध), "दीचा तेक्निका" (सदर तंत्र), "ताल इपोतेसिस" (असं गृहीतक). नाव देताना लेखक त्या गोष्टीबद्दल आपलं मतही सांगून जातो. "शोध" म्हणणं वेगळं, "दावा" म्हणणं वेगळं. छापलेला एखादा लेख घे आणि फक्त ही नामं अधोरेखित करत वाच. मुद्दा पुढे कसा सरकतो ते डोळ्यांना दिसेल.

वाक्याची लांबी हाही एक भाग आहे. इंग्रजी लेखनाच्या वर्गात छोटी वाक्यं लिहा म्हणतात. स्पॅनिश शास्त्रीय गद्य त्यापेक्षा लांब वाक्यं सहज पेलतं, पण ती उजवीकडे वाढतात. मराठीत आपण विशेषणं नामाच्या आधी रचतो, "पावसाळ्यात गवताखाली झाकल्या जाणाऱ्या आणि उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या आकृत्या". स्पॅनिशमध्ये आकृत्या आधी आणि बाकी सगळं नंतर, "के" (जे), "कुयो" (ज्याचं), "एन लास के" (ज्यांत) यांना धरून. याचा सराव म्हणून तुझीच पाच छोटी वाक्यं घे आणि त्यांचं एक वाक्य कर. मग त्याच मजकुराचं दुसऱ्या तऱ्हेने एक वाक्य कर, वेगळी गोष्ट मुख्य वाक्यात ठेवून. मुख्य वाक्यात काय ठेवायचं आणि "के"च्या मागे काय टाकायचं, हा निर्णय म्हणजेच लेखन.

तपासणारं कोणी नसेल तेव्हा एकाच वाचनात सगळं पाहू नको. एकदा फक्त क्रियापदं पाहा, एकदा फक्त "एल, ला" ही आर्टिकलं (मराठीत ती नाहीत, म्हणून आपल्याकडून शेवटपर्यंत हीच सुटतात. "भात खाल्ला जातो" मधला भात कर्ता म्हणून क्रियापदाच्या आधी आला की त्याला "एल" लागतं), एकदा लिंग-वचनाचा मेळ. मध्ये एक रात्र जाऊ दे. आणि मोठ्याने वाच. ओटीवर बसून वाच, घरच्यांना कळलं नाही तरी चालेल. जिथे श्वास अडतो तिथे विरामचिन्ह किंवा रचना चुकलेली असते.

---

सागरी_महामार्ग

सगळं वाचलं. एक प्रामाणिक प्रश्न. आता यंत्राला सांगितलं की स्पॅनिश परिच्छेद तयार मिळतो, तोही बिनचूक. मग एवढी मेहनत कशासाठी? मुलांनी विषयाचा अभ्यास करावा, भाषेचं यंत्रावर सोडावं, असं नाही का?

---

वाशिष्ठीकाठ

माझ्या धंद्यात यंत्र रोज वापरतो, त्यामुळे प्रश्न योग्यच आहे. पण यंत्राने दिलेल्या दोन वाक्यांपैकी कुठलं बरोबर हे ठरवणारा माणूस लागतोच. एखाद्या करारनाम्यात "पोद्रा" की "देबेरा", म्हणजे करू शकेल की करावं लागेल, हे चुकलं तर नुकसान कंपनीचं होतं, यंत्राचं नाही. ती पारख स्वतः लिहून, खोडून, पुन्हा लिहूनच येते. म्हणून शिकत असताना क्रम महत्त्वाचा: आधी आपलं, मग हवं तर यंत्राचं, आणि दोन्हींत फरक का पडला ते शोधायचं. आधीच यंत्राचं वाचलं की आपलं वाक्य सुचायचं बंद होतं.

---

केळशीचा_किनारा

सहमत. आणि कातळफूलला जे सांगायचंय ते कुठल्याच यंत्राने पाहिलेलं नाही. ती त्या सड्यावर चालत गेली आहे.

---

मांडवीपार

गोव्यातून लिहितेय. विद्यापीठात पोर्तुगीज शिकले, नंतर स्पॅनिशकडे आले. पोर्तुगीज येत असेल तर स्पॅनिश वाचायला फार मदत होते, लिहायला मात्र जपावं लागतं. पोर्तुगीजमध्ये भविष्यकाळी सुब्हुन्तीवो जिवंत आहे, "तो येईल तेव्हा" म्हणायला रोज वापरतात. स्पॅनिशमध्ये तो कायद्याच्या मजकुरात आणि जुन्या म्हणींतच उरलाय, तिथे वर्तमान सुब्हुन्तीवो लागतो, "कुआन्दो वेंगा". पोर्तुगीजमध्ये शब्दयोगी आणि आर्टिकल यांचे ढीगभर जोड होतात, स्पॅनिश लेखनात फक्त "आल" आणि "देल". आणि सजीव कर्माचा तो "आ" पोर्तुगीजमध्ये सहसा नसतो, त्यामुळे आमच्याकडून तोच गळतो.

रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून घराघरांत बोलतात, हे इथे अनेकांना माहीत असेल. ऐकण्यासारखी आहे. पण स्पॅनिश लेखनासाठी तिचा आधार मिळेल असं समजून कोणी जाऊ नये, तिची घडण फार वेगळी झालीय.

---

अलिबाग_रेवस

परीक्षेच्या बाजूने थोडं. डेलेची सी१, म्हणजे बी२ च्या पुढची पातळी, दिली आहे. त्यात लेखन वेगळं नसतं, ऐकणं आणि लिहिणं एकत्र येतं. एक व्याख्यानासारखं काहीतरी ऐकायचं, टिपणं काढायची आणि त्यावरून मुद्देसूद मजकूर लिहायचा, शिवाय दुसरा एक मजकूर. शब्दमर्यादा दोनशेच्या आसपास. तिथे कमी शब्दांत रचना दाखवावी लागते, म्हणून रेसूमेनचा सराव सर्वांत उपयोगी पडला. इन्स्तितुतो सेर्वान्तेसच्या स्थळावर नमुना प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. गुण देताना प्रकाराला धरून आहे का, सुसंगत आहे का, बिनचूक आहे का आणि भाषेची झेप किती, हे वेगवेगळं पाहतात. बिनचूकपणा हा त्यातला एकच भाग आहे.

छोट्या गोष्टींत गुण जातात त्या सांगतो. औपचारिक पत्रात "एस्तिमादो सेन्योर" नंतर स्वल्पविराम नाही, अपूर्णविराम येतो. महिन्यांची आणि वारांची नावं लहान अक्षराने. पुस्तकाच्या नावात फक्त पहिलं अक्षर मोठं. आपल्या मराठीत मोठं-लहान अक्षर नाहीच, त्यामुळे आपण सरळ इंग्रजीचा नियम लावतो आणि फसतो. अवतरणासाठी आधी कोनी चिन्हं, त्यांच्या आत दुहेरी. संवादाला लांब रेघ. आणि लाख-कोटी लिहू नका, वाचणाऱ्याला कळत नाही.

---

कातळफूल

सर्वांचे मनापासून आभार. केळशीच्या बाई आणि वाशिष्ठीकाठ दादा, तुम्ही सांगितलं तसं करून पाहिलं. आता सुरुवात अशी:

"एन लोस सादास, मेसेतास दे लातेरीता के से एस्तिएन्देन एन्त्रे लोस गाट्स ओक्सिदेन्तालेस इ एल मार आराबिगो, से कोन्सेर्वान सिएन्तोस दे फिगुरास त्रासादास एन ला रोका. आउन्के तोदावीआ नो से आ पोदीदो फिहार सु आन्तिगुएदाद, एस पोसीब्ले के सेआन ओब्रा दे कोमुनिदादेस के विवीआन दे ला कासा इ ला रेकोलेक्सिओन."

म्हणजे: सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये पसरलेल्या जांभ्याच्या सड्यांवर शेकडो आकृत्या टिकून आहेत. त्यांचा काळ अजून निश्चित करता आलेला नसला, तरी शिकार आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या समाजांनी त्या केल्या असाव्यात.

शब्दांसाठी पेरूमधल्या नास्काच्या रेषांवरचे लेख वाचतेय. त्यांचा १९९४ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला, त्यामुळे स्पॅनिशमध्ये भरपूर लिहिलं गेलंय. "त्रासादास" तिथूनच घेतला. संदर्भ शोधायला आणखी कुठे जावं?

---

वाशिष्ठीकाठ

किती फरक पडला! "एयोस" गेले, "फुएरोन" गेले, दोन वाक्यांत भूगोल आणि काळ दोन्ही आले, आणि "सेआन" योग्य जागी बसलंय.

एका जागी मात्र थांब. नास्काचे लेख वाचणं उत्तम, पण तिथून क्रियापद आणताना काम कसं झालंय ते पाहा. नास्कामध्ये वरचे गडद दगड बाजूला सारून खालची फिकट जमीन उघडी केली आहे, म्हणून तिथे "त्रासार", म्हणजे रेखणं. आपल्याकडे जांभा खोदून आकृती काढली आहे. इथे "ग्राबार" किंवा "ताल्यार" हवं. जाणकार वाचक त्या एका क्रियापदावरून ओळखेल की लिहिणारीने दगड जवळून पाहिलाय की नाही. "हेओग्लीफो" आणि "पेत्रोग्लीफो" या संज्ञांचंही तेच. युनेस्कोच्या यादीत कोकणासाठी हेओग्लीफो आहे, कातळात कोरलेल्या चित्राला सर्वसाधारणपणे पेत्रोग्लीफो म्हणतात. पहिल्याच पानावर एका वाक्यात सांग, तू कुठली संज्ञा धरतेयस आणि का. मग शेवटपर्यंत तीच ठेव. स्पॅनिशमध्ये शब्दाची पुनरुक्ती टाळतात हे खरं, पण संज्ञा बदलायच्या नसतात.

शब्द कशाबरोबर जातो ते पाहायला रेआल आकादेमियाचे भाषासंग्रह वापर, कोर्पेस हा एकविसाव्या शतकाचा. नाम टाकायचं आणि त्याच्या आधी कुठली क्रियापदं येतात ते पाहायचं, देशही निवडता येतो. शंका आली की आकादेमियाचाच पानइस्पानिको दे दुदास हा शंकांचा कोश आणि भाषेबद्दल सल्ला देणाऱ्या फुन्देउचं स्थळ. सगळं फुकट आहे. मोबाइलवर, पावसात नेट रडत असतानाही चालतं.

---

मांडवीपार

संदर्भांसाठी दिआल्नेत हा लेखांचा संग्रह पाहा, ला रिओहा विद्यापीठाचं. लॅटिन अमेरिकेतल्या नियतकालिकांसाठी रेदालिक आणि सिएलो. पुष्कळ लेख पूर्ण उतरवून घेता येतात. "आर्ते रुपेस्त्रे" (कातळकला) या नावाने शोधलंस तर आपल्यासारख्याच उघड्या कातळावरच्या चित्रांबद्दल खूप सापडेल. "सादा" (सडा) हा आपला शब्द तिरक्या अक्षरात ठेव आणि पहिल्यांदा येतो तिथेच अर्थ सांग. तू तो सांगितलाच आहेस, छान जमलाय.

---

केळशीचा_किनारा

कातळफूल, दुसरं वाक्य फार चांगलं झालंय. पहिल्या वाक्यातलं "त्रासादास" बदलून "ग्राबादास" कर आणि पुढे चल, सुरुवातीवर अडकून राहू नको.

आता पुढची पायरी. वाचलेल्या लेखांतला एक परिच्छेद निवड, जो तुला खरोखर आवडला असेल. त्याचा सांगाडा मराठीत समासात लिही: पहिलं वाक्य काय करतं, दुसरं काय करतं, पुरावा कुठे येतो, शंका कुठे येते. मग लेख बंद कर आणि त्या सांगाड्यावर कशेळीच्या हत्तीचा परिच्छेद लिही. शब्द उचलायचे नाहीत, चाल उचलायची. असे परिच्छेद साठवत गेलीस की प्रकरणाची मांडणी आपोआप सुचायला लागेल.

पूर्ण प्रकरण झालं की त्याची उलटी रूपरेषा काढ. प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा एका मराठी ओळीत. ज्या परिच्छेदाची ओळ लिहिता येत नाही तो परिच्छेद पुन्हा लिहायचा. दोन परिच्छेदांची ओळ सारखी आली तर एक काढायचा. माझ्याकडे पाठवताना स्पॅनिश मजकुराबरोबर ही ओळींची यादीही पाठव, मी आधी तीच वाचेन.

---

कातळफूल

बाई, पाठवते. हत्तीचा परिच्छेद आधी लिहिते, त्यासाठी उद्या सकाळी ऊन चढायच्या आत कशेळीला जाऊन मापं पुन्हा पाहून येते.

---

अलिबाग_रेवस

मीही सी२ साठी लिहितोय, माझा विषय भौगोलिक मानांकन आहे. हापूसला २०१८ मध्ये मिळालेलं मानांकन आणि स्पेनमधली तशीच देनोमिनासिओन दे ओरिहेन (मूळ ठिकाणाचं नाव), त्यातली रिओहाच्या वाइनची १९२५ ची. कातळफूल, तुझी हरकत नसेल तर मसुदे एकमेकांना तपासायला देऊ. एका वेळी एकच गोष्ट पाहायची, मी तुझी आर्टिकलं पाहतो, तू माझी क्रियापदं पाहा.

---

कातळफूल

चालेल दादा. निरोप पाठवलाय.